गळा आपला, हुकूम कोणाचा?

संगीत ही पोट भरलेल्या माणसाची करमणूक होय, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. वाचकहो, निदान आपल्या बाबतीत हा समज सर्वथा खोटा आहे. घाटकोपर-मुलुंडच्या डोंगरउतारावरील किंवा अंधेरी-बोरिवलीच्या रेल्वे रुळांलगतच्या कोणत्याही बौद्ध वस्तीत एक आठवडा राहून पाहा. सकाळी विहारातून बुद्धवंदना ऐकू येते. मुलाच्या नामकरणाला गाणे, मंगल परिणयाला गाणे, घरभरणीला गाणे, आणि माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या रात्रीही बाजाची पेटी व ढोलकी घेऊन चार माणसे बसलेली असतात. ज्या आजीने शाळेचा उंबरठा ओलांडला नाही, तिला महाडच्या तळ्याची आणि नागपूरच्या दीक्षेची हकीगत ठाऊक असते. ती तिने पुस्तकात वाचलेली नसते. गाण्यात ऐकलेली असते. गाणे ही आपली शाळा आहे, वर्तमानपत्र आहे आणि दफ्तरही आहे.

म्हणूनच संगीताचा विचार आपण केवळ रसिक म्हणून करून भागणार नाही. तो हक्काचा प्रश्न म्हणून केला पाहिजे. कोणताही वाद हाती आला म्हणजे कायद्याचा अभ्यासक प्रथम विचारतो, की हे कृत्य कर्त्याने स्वेच्छेने केले की कोणाच्या दडपणाखाली? तोच प्रश्न मी येथे विचारतो. वाद्य कोण वाजवितो, हे आपणांस दिसते. पण ते कोणाच्या हुकुमाने वाजते?

बलुत्यातील वाद्य

गावगाड्यात वाद्य हे कलेचे साधन नव्हते, कामगिरीचे होते. कोकणात खालूबाजा, देशावर हलगी आणि डफ, विदर्भात डफडे; नावे वेगळी, वाजविणारे कोठे महार, कोठे मांग; परंतु व्यवस्था एकच. पाटलाच्या घरचे लग्न असो, देवाची पालखी असो की गावची जत्रा असो, निरोप आला की वाद्य घेऊन जावयाचे. मिरवणुकीच्या पुढे चालावयाचे, पण देवळाच्या पायरीशी थांबावयाचे. ज्याच्या वाजविण्यावाचून देवाची पालखी हालत नसे, त्याच्या सावलीने मात्र तो देव बाटत असे! वादनाचा मोबदला म्हणून जे मिळे त्याला मजुरी म्हणता येत नाही, कारण मजुराला काम नाकारण्याची मोकळीक असते. या वाजंत्र्याला ती नव्हती. नाही म्हटले तर बलुते बंद, पाणी बंद, वाट बंद.

बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले, ते याच बंधनावर घाव घालण्यासाठी. वतन म्हणजे जमिनीचा तुकडा नव्हे, तर त्या तुकड्याच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या लिहून दिलेली गुलामी, हे त्यांनी ओळखले होते. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. परंतु कागदावरचे वतन जाण्यापूर्वीच, १४ ऑक्टोबर १९५६ नंतर, असंख्य गावांतील आपल्या वडीलधाऱ्यांनी मनातले वतन टाकून दिले होते. मेलेली ढोरे ओढणे त्यांनी सोडले, येसकरकी सोडली आणि अनेकांनी वाद्यही खाली ठेवले. शिमग्याच्या पालखीपुढे आम्ही वाजविणार नाही, असे सांगणाऱ्यांच्या वाट्याला बहिष्कार आला. मुंबईच्या उपनगरांत येऊन वसलेल्या कित्येक कुटुंबांच्या स्थलांतराला भुकेइतकाच हा नकारही कारणीभूत आहे. त्या नकाराचा आपण अभिमान बाळगला पाहिजे.

हे केवळ आपल्याकडेच घडले नाही

वाद्य आणि दास्य यांची ही सांगड महाराष्ट्रापुरती नाही. तामिळ प्रदेशात ‘परै’ नावाचे चर्मवाद्य आहे. ते वाजविणाऱ्या परैयर जातीचे नावच पुढे इंग्रजी भाषेत बहिष्कृत माणसाला वाचक असा शब्द होऊन बसले. प्रेतयात्रेपुढे परै वाजविण्याची सक्ती तेथील दलितांनी नाकारली आणि पुढच्या पिढीने तेच वाद्य सभेच्या व्यासपीठावर, स्वतःच्या इच्छेने, ताठ मानेने हाती घेतले. सिंहल द्वीपात तर धम्म शतकानुशतके नांदतो आहे. तथापि तेथेही विहारात ढोल वाजविणारी ‘बेरव’ ही जात परंपरेने खालची मानली गेली. याचा अर्थ असा की, देश बौद्ध झाला म्हणून जात आपोआप गळून पडत नाही. ती जाणीवपूर्वक उपटावी लागते.

अमेरिकेतील निग्रो गुलामांची कथा याच्या उलट दिशेने जाते. दक्षिण कॅरोलिनात १७३९ साली गुलामांनी उठाव केला, तेव्हा ते ढोलाच्या आवाजावर एकत्र आले होते. पुढच्याच वर्षी, १७४० साली, मालकांनी कायदा करून गुलामांना ढोल बाळगण्यास बंदी केली. ढोल गेला, पण गळा राहिला. शेतात राबताना आणि प्रार्थनेत गाताना त्यांनी जे संगीत घडविले, तेच पुढे नागरी हक्कांच्या चळवळीचे बळ झाले. १९६३ साली वॉशिंग्टनच्या विराट मोर्चात भाषणांबरोबर गाणीही झाली, हा योगायोग नव्हे.

एके ठिकाणी वाजविण्याची सक्ती, दुसऱ्या ठिकाणी वाजविण्याची बंदी. वरवर पाहता या परस्परविरुद्ध गोष्टी वाटतात. वस्तुतः दोन्हींचे मूळ एकच आहे: दुसऱ्याच्या आवाजावर आपली सत्ता असली पाहिजे हा हट्ट.

धम्माला संगीत वर्ज्य आहे काय?

आपल्यातील काही उपासक विचारतात, की नृत्य, गीत व वादन यांपासून दूर राहण्याचे शील धम्मातच सांगितले आहे. मग या गाण्याबजावण्याचे समर्थन कसे करावयाचे? शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचे उत्तर नीट दिले पाहिजे. गृहस्थाने नित्य पाळावयाच्या पंचशीलात हा नियम नाही. तो उपोसथाच्या दिवशी घ्यावयाच्या अष्टशीलात आणि श्रामणेराच्या दशशीलात आहे. मनाला एक दिवस शांत करण्याचे ते व्रत आहे. संसारी माणसाच्या गळ्याला घातलेले कुलूप नव्हे.

स्वतः तथागतांना संगीताचे मर्म अवगत होते. सोण नावाचा भिक्खू अतिरेकी श्रमाने खचला, तेव्हा त्यांनी त्याला त्याच्याच पूर्वीच्या वीणेचे उदाहरण दिले. तार फार ताणली तरी सूर बिघडतो, फार सैल सोडली तरी बिघडतो. मध्यम मार्ग समजावण्यासाठी त्यांना वाद्याहून चांगला दाखला सापडला नाही. दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख वीणेवर गातो, तेव्हा त्याचा तारेचा नाद आणि गळ्याचा स्वर एकमेकांत कसे मिळून गेले याची भगवंत प्रशंसा करतात.

मात्र अंगुत्तर निकायात एक इशाराही आहे, आणि तो आपण विसरतो. धम्म लांबलचक गाण्याच्या सुरात म्हणण्याचे पाच दोष तेथे सांगितले आहेत. म्हणणारा स्वतःच्या सुरावर लुब्ध होतो, ऐकणारेही अर्थ सोडून सुरावर लुब्ध होतात, गृहस्थ नावे ठेवतात, चित्ताची एकाग्रता भंगते आणि पुढच्या पिढ्या तोच कित्ता गिरवितात. येथे निषेध संगीताचा नाही. अर्थाला गिळून टाकणाऱ्या आवाजाचा आहे. हा निकष हाती ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आपल्या उपनगरांना तर या परंपरेची भूमीच लाभली आहे. बोरिवलीजवळील कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांत आणि अंधेरीच्या महाकाली लेण्यांत एके काळी भिक्खुसंघ राहत होता. पुस्तके छापली जात नव्हती त्या काळी धम्म टिकला तो सामूहिक पठणाने, म्हणजे गळ्यानेच. आज आपण विहारात त्रिसरण म्हणतो तेव्हा त्या दगडी चैत्यगृहात दोन हजार वर्षांपूर्वी घुमलेलाच स्वर पुन्हा उचलीत असतो.

हुकूम मोडणारे गाणे

सक्तीचे वाद्य खाली ठेवल्यावर आपला समाज मुका झाला नाही. सत्यशोधकांच्या जलशाचा वारसा घेऊन गेल्या शतकाच्या तिसाव्या दशकापासून आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाचा साज घेतला, पण त्यातील गण-गवळणीच्या जागी समाजाचे दुःख आणि बाबासाहेबांचा संदेश आणला. बाबासाहेबांनी या जलशांचे मोल आपल्या भाषणांहून कमी मानले नाही. त्याच नाशिक जिल्ह्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) प्रौढपणी मुंबईत अक्षरे शिकले आणि गावोगाव पायपीट करून हजारो गीते समाजाला देऊन गेले. घाटकोपरच्या चिरागनगरात राहून अण्णा भाऊ साठ्यांनी शाहिरी केली. स्वतः बाबासाहेब उत्तरायुष्यात व्हायोलिन शिकू लागले होते. राज्यघटनेच्या शिल्पकाराला जी गोष्ट शिकण्याजोगी वाटली, ती आपण हलकी कशी मानावी?

आणि आपल्या आया-बहिणींचे काय? हेमा राईरकर व गी पॉइटव्हिन यांनी पुण्याहून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माजलगावसारख्या ठिकाणच्या दलित स्त्रियांनी बाबासाहेबांवर आणि रमाईवर रचलेल्या ओव्याही आहेत. ज्या जात्यावर पूर्वी विठोबा होता, तेथे भीमराव आला. धर्मांतर नागपूरच्या मैदानावर झाले हे खरे, परंतु ते पचनी पडले पहाटेच्या जात्यावर.

या गाण्याची किंमत आपण रक्ताने मोजली आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतप्त जमावावर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जणांचे प्राण घेतले. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ साली जन्मठेप सुनावण्यात आली, परंतु अपिलात तो जामिनावर सुटला. मुलुंडचे शाहीर विलास घोगरे यांनी १५ जुलै १९९७ रोजी, कपाळाला निळी पट्टी बांधून, आपल्या झोपडीत गळफास घेतला. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या १९८५ च्या चित्रपटात ज्यांचे गाणे ऐकू येते, ते हेच घोगरे. आत्मनाशाचा मार्ग मी कोणास सुचविणार नाही. धम्म तो सुचवीत नाही. परंतु ज्या समाजाचा शाहीर चार दिवसांत असा संपतो, त्या समाजाने गाण्याला करमणूक म्हणू नये. आणि मे २०१५ मध्ये शिर्डी येथे एका दलित तरुणाच्या भ्रमणध्वनीवर बाबासाहेबांच्या गीताची धून वाजली, त्यावरून त्याला ठार करण्यात आले असा आरोप झाला. धून वाजली ती त्याच्या स्वतःच्या खिशात, स्वतःच्या इच्छेने. खटकली ती इच्छाच!

कायदा काय म्हणतो

हे हक्क प्रत्येक वाचकाला तोंडपाठ असावेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगार निषिद्ध ठरविली आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ मध्ये १९७६ साली घातलेले कलम ७-क अस्पृश्यतेच्या कारणावरून झाडलोट, मृत जनावरे ओढणे अथवा तत्सम काम करावयास लावणे हा गुन्हा ठरविते. माझ्या मते, जातीमुळे वाद्य वाजविण्याची सक्ती ही ‘तत्सम’ कामातच मोडते आणि तशी तक्रार निर्भयपणे केली पाहिजे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध अधिनियमात २०१५ साली दुरुस्ती झाली. तिने लग्नाची वरात काढण्यास अडथळा करणे आणि आपल्या आदरणीय दिवंगत व्यक्तींचा अनादर करणे हे गुन्हे स्पष्टपणे नोंदले. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांना अनुसूचित जातीची मान्यता असल्याने हे संरक्षण त्यांनाही आहे. गाणे हे अनुच्छेद १९ खालील अभिव्यक्ती आहे, आणि अनुच्छेद २९ खाली जतन करावयाची संस्कृतीही आहे.

नवा पाटील

येथवर मी दुसऱ्यांच्या हुकुमाविषयी बोललो. आता आपल्या घरातील हुकुमाकडे पाहू.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत आज काय ऐकू येते? ट्रकवर रचलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती, छातीत धडकणारा ठोका, आणि त्या ठोक्याखाली चिरडलेले शब्द. ज्याच्या नावाने हे चालते त्याचा विचार त्यातून कोणाच्या कानी जातो? वस्तीतील गायक, ढोलकीवाला, पेटीवाला घरी बसतात आणि वर्षभर गोळा केलेली वर्गणी ठेकेदाराच्या खिशात जाते. कोणते गाणे, किती मोठ्याने, कोठवर, हे तोच ठरवितो. वाचकहो, हा नवा पाटील आहे, आणि याला आपण स्वखुशीने बलुते देत आहोत. अंगुत्तर निकायातील ते पाच दोष आठवा. एकही चुकलेला नाही.

तरुण यावर उत्तर देतात: ‘‘इतरांचे ढोलताशे दहा-दहा दिवस चालतात, पोलिसांना आमचाच एक दिवस कसा दिसतो?’’ या तक्रारीत तथ्य आहे, ती मी झटकून टाकणार नाही. कायद्यापुढील समानता हा अनुच्छेद १४ चा हक्क आहे. जेथे एकाला परवानगी व दुसऱ्याला नकार मिळतो, तेथे अर्ज लेखी करावा, नकार लेखी मागावा, माहितीच्या अधिकाराखाली इतरांना दिलेल्या परवानग्यांच्या प्रती घ्याव्यात आणि उच्च न्यायालयात जावे. परंतु समानता मागावयाची ती हक्कात, उपद्रवात नव्हे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास बंदी आहे. राज्य शासन वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. कुर्ला-चुनाभट्टी भागातील रहिवाशांच्या याचिकेवर जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. पर्यावरण कायद्याखाली होणारा दंड आता दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत जाऊ शकतो. आणि परवानगीच्या अर्जावर सही असते ती मंडळाच्या अध्यक्षाची. ठेकेदार पैसे घेऊन निघून जातो. नोकरीच्या शोधात असलेला आपला मुलगा चौकीच्या फेऱ्या मारतो.

याहून एक जिव्हारी लागणारी गोष्ट आहे. आपल्यापैकी काहींच्या लग्नात हलगी, ताशा वाजविण्यास मातंग बांधव बोलावले जातात. त्यांना ‘‘ए वाजंत्री’’ अशी हाक मारली जाते, आणि जेवण मंडपाबाहेर, पंगती उठल्यावर दिले जाते. ज्या हुकुमाखाली आपले आजे-पणजे वाकले, तोच हुकूम आपल्या तोंडून निघत असेल, तर बावीस प्रतिज्ञांतील समतेच्या प्रतिज्ञेचा अर्थ आपण काय घेतला? ज्याने वाजविले त्याला ठरलेला मोबदला सन्मानाने, नावाने हाक मारून द्यावा आणि पहिल्या पंगतीत आपल्या शेजारी बसवावे. हे ज्या घरी होत नाही, त्या घरी दीक्षा अद्याप पोहोचलेली नाही.

काय करावे

माझ्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास मुलांना गाणे शिकवावे; वस्तीत पेटी-ढोलकी जाणणारे वृद्ध अजून आहेत, त्यांना मानधन देऊन शिक्षक करावे. वर्षावासात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होतेच. त्याबरोबर घराघरांतील आजीच्या ओव्या तरुणांनी भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित कराव्यात, तिचे नाव-गाव लिहून ठेवावे. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब मांडताना गायकांना किती आणि ठेकेदाराला किती, हे दोन आकडे फलकावर शेजारी शेजारी लिहावेत. समाज आपोआप निर्णय करील. आणि ज्या तरुणाला हलगी शिकावीशी वाटते त्याला लाजवू नये. सक्तीने हाती दिलेले वाद्य आजोबांनी फेकले, ते योग्यच केले. स्वेच्छेने नातू ते उचलत असेल, तर तो त्यांचा नकार मोडीत नाही. तो पुरा करतो.

हे आताच करावयास हवे, कारण वस्त्याच बदलत आहेत. रमाबाई नगराच्या पुनर्विकासाची योजना हाती घेण्यात आली आहे. इतरत्रही झोपड्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. चाळीच्या ओट्यावर, गल्लीच्या तोंडाशी जी भजनमंडळी बसे, ती बाविसाव्या मजल्यावर कोठे बसेल? नकाशा मंजूर होण्यापूर्वीच विहाराची व समाजमंदिराची जागा कागदावर मागून घ्या. इमारतीत राहावयास गेल्यावर ‘गाणी बंद’ अशी सूचना फलकावर लागली, की मग अर्ज करीत बसण्यात अर्थ नाही.

बंधू-भगिनींनो, हजारो वर्षे आपला हात दुसऱ्याच्या आनंदासाठी वाजत होता. तो बाबासाहेबांनी सोडविला. आता गाण्याचा शब्द कोणता, सूर कोणता आणि आवाज किती, हे ठरविण्याचा अधिकार ना गावच्या पाटलाचा, ना ट्रकवरच्या ठेकेदाराचा. तो आपला आहे. अधिकार वापरला नाही, तर तो दुसरा वापरतो, हे न्यायालयात जितके खरे तितकेच विहाराच्या अंगणातही खरे आहे. येत्या रविवारी मुलांना घेऊन विहारात या आणि गाण्यास आरंभ करा.

जय भीम!